अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन

१

माझा धंदा थर्मामीटरचा. तसं दुकानात बीकर, बर्नर, परीक्षानळ्या, शाळेच्या प्रयोगशाळेला लागणारं सगळं मिळायचं. पण अप्पा बळवंत चौकात पत्ता विचारायचा तर 'थर्मामीटरवाले भीमराव' असंच विचारावं लागे. शिक्षण सातवी पास. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. मी एका कॉलेजात काचेची भांडी धुवायला लागलो आणि धुता धुता ऐकत गेलो. प्राध्यापक पोरांना शिकवायचे, पोरं खिडकीबाहेर बघायची आणि मोरीपाशी उभा असलेला मी शिकायचो. गरम वस्तू कशी निवते, आधी भराभर आणि मग रमतगमत, हे मी असंच फुकटात उचललं. त्या प्राध्यापकांचे आभार मानायचे राहून गेले. ते इथे मानतो.

धंद्यात माझा एकच नियम होता. तपासल्याशिवाय माल विकायचा नाही. तापाच्या थर्मामीटरची नवी पेटी आली की त्यातला एक उचलायचा, घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, बायकोच्या जिभेखाली ठेवायचा. तीन मिनिटं. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट दोनवर थांबला की पेटी चांगली. पुस्तकातल्या निरोगी माणसाचा आकडा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आमच्या श्यामलाचा पॉइंट दोन. सव्वीस वर्षं, उन्हाळा असो की थंडी, पॉइंट दोन.

"लोक बायकोसाठी दागिने आणतात," थर्मामीटर तोंडातून काढला की ती म्हणायची. "आमच्याकडे पारा येतो."

सत्त्याऐंशी साली एका पेटीने नव्व्याण्णव दाखवलं. श्यामलाला ताप-बीप काही नव्हता. मी अख्खी पेटी कंपनीला परत धाडली. पंधरा दिवसांनी कंपनीचं माफीचं पत्र आलं. काचेवरच्या खुणाच सरकल्या होत्या म्हणे. तेव्हापासून माझ्या मनाशी पक्कं झालं की थर्मामीटर चुकेल, श्यामला चुकायची नाही.

पुढचं सगळं मला उशिरा कळलं, ते या एका गोष्टीमुळे.

२

दोन हजार एक सालची चौदा जानेवारी. रविवार. खडकी बाजारात आमच्या दोन खोल्या होत्या, वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा, खाली पिठाची गिरणी. आमची एकुलती मुलगी अक्षता कॉम्प्युटर इंजिनिअर. कंपनीने तिला दीड वर्षापूर्वी अमेरिकेला पाठवलं होतं आणि उन्हाळा संपता संपता ती परत यायची होती. दर रविवारी सकाळी आठला तिचा फोन. म्हणून रविवारी श्यामला लवकर उठे.

रेडिओवर सातच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या. श्यामलाने दोन कपांत चहा गाळला. वाफ माझ्या चष्म्यावर आली, हे मला लख्ख आठवतं, कारण मी चष्मा पुसला. तिने गाळणं खाली ठेवलं, म्हणाली, "अहो, जरा..." आणि खाली बसली. मग आडवी झाली.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे. मनगट चाचपलं, गळा चाचपला. काही नाही. तोच चष्मा काढून तिच्या नाकापाशी धरला. काच स्वच्छ राहिली.

मी ओरडलो नाही. का, ते आजही सांगता येत नाही. माझ्या तोंडून एवढंच आलं: "अक्षता येईपर्यंत थांबू दे हिला. तेवढंच." आम्ही नवस-सायास करणारे नव्हे, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर ठेवलं. मी कुणाला म्हणालो? समोर भिंत होती. गॅसची शेगडी आणि दार यांच्यामधली. तिच्यावर कॅलेंडर. खालच्या गिरणीची घरघर पायांना नेहमी जाणवायची, ती त्या वेळी जाणवेनाशी झाली. कुणी नीट ऐकू यावं म्हणून मशीन बंद करतं, तसं.

मग घरघर पुन्हा सुरू झाली. श्यामलाने पापणी हलवली. उठून बसली, पदर सारखा केला आणि कपाला हात लावून म्हणाली, "चहा गार झाला की हो."

रेडिओवर अजून ठळक बातम्याच चालू होत्या. म्हणजे फार तर दोन मिनिटं. मी माझा कप उचलला. कप दगडासारखा गार. वर जाड साय, सुरकुतलेली.

जानेवारीतल्या सकाळी तेवढा चहा तसा व्हायला पाऊण तास लागतो. हे मला कुणी सांगायला नको.

तिने चहा परत तापवला. आठला फोन आला. माय-लेकी पोटभर हसल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं, छातीची पट्टी काढली. "उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "जरा अशक्तपणा. खजूर खात जा."

मी खजूर आणला. चहाचं कुणाला बोललो नाही. दूध फार गार असेल, असं स्वतःला सांगितलं. चष्म्यावरची वाफ मात्र मनातून पुसता आली नाही.

३

जानेवारीच्या शेवटी नवी पेटी आली. पॉइंट दोन. मला हायसं वाटलं.

पाच फेब्रुवारीला, सोमवारी, दुसरी पेटी तपासली. पारा शहाण्णव पॉइंट आठवर थांबला. मी पेटी परत पाठवली. पुढच्या सोमवारी बदली पेटी तपासली. शहाण्णव. तीही परत, सोबत जरा तिखट पत्र. तिसऱ्या पेटीने पंच्याण्णवच्याही खाली दाखवलं. घरातल्या कपाटात एक जुना, खात्रीचा थर्मामीटर होता, तो लावला. तोही तेच म्हणाला. पारासुद्धा म्हातारा होत असेल, असं मी म्हटलं. माणूस किती कारणं शोधतो!

श्यामला ठणठणीत होती. भाकऱ्या, धुणं, शेजारच्या बाईशी पाण्यावरून भांडण, सगळं जागच्या जागी. जेवण थोडं कमी झालं होतं. आणि हात गार लागायचे. पण थंडीचे दिवस, कुणाचे लागत नाहीत?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. दुकानात उभ्या उभ्या वाचलं. 'आपण परत पाठविलेले सर्व थर्मामीटर आम्ही तपासले. सर्व अचूक आहेत. आपण ते कोणत्या प्रमाणाशी ताडून पाहता, ते प्रमाण कृपया एकदा तपासून घ्यावे.'

घरी गेलो तेव्हा प्रमाण भाकरी थापत होतं.

बारा मार्चला तीन मिनिटं झाली, पाच झाली, तरी पारा पहिल्या खुणेपर्यंतही चढला नाही. तापाच्या थर्मामीटरला चौऱ्याण्णवच्या खाली आकडेच नसतात. जिवंत माणसाला ते लागत नाहीत.

"काय हो, किती?" तिने विचारलं.

"पॉइंट दोन," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत तिच्याशी बोललेलं पहिलं खोटं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग पुन्हा पुन्हा का बघताय?"

४

चौऱ्याण्णवच्या खालचे आकडे असलेला थर्मामीटर माझ्या दुकानात होता. वीतभराहून लांब, शून्य ते पन्नास सेल्सियस. त्याचं गिऱ्हाईक एकच: शहरातल्या एका शवागाराचे डॉक्टर उत्तरेश्वर. बार्शीकडचा माणूस, जीभ तिखट, मन लोण्याचं. मला थर्मामीटर पोचवायला जाताना त्यांच्याकडे बसायची सवय लागली होती. माणूस कधी गेला हे देहाच्या गारठ्यावरून कसं काढतात, ते त्यांनीच मला शिकवलं.

"मेलेलं माणूस लगेच गार होत नाही, भीमराव. सुरुवातीला काही वेळ पारा जागचा हलत नाही. देहाला अजून बातमी पोचलेली नसते."

"मग?"

"मग पोचते. खोली थंड असेल तर पारा भराभर उतरतो, गरम असेल तर सावकाश. पंखा चालू असेल तर आणखी लवकर. खोलीच्या खाली मात्र कुणी जात नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात खरी पंचाईत! खोली चाळीस, बॉडी सदतीस. बॉडी उलटी तापायला लागते. कोर्टात वकील विचारतो, डॉक्टर, माणूस मेला कधी? मी म्हणतो, साहेब, थर्मामीटरच्या मते अजून मरायचाय."

यावर आम्ही दोघं खूप हसायचो. आधी.

लांब थर्मामीटर मी घरी आणला. दर सोमवारी सकाळी काखेत. "आता मी तुमच्या प्रयोगशाळेतली बरणी का?" ती म्हणायची, पण हात उचलायची. पाच फेब्रुवारीपासूनचे आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले. आडव्या रेषेवर दर सोमवारची एकेक खूण. खुणांखाली काही लिहिलं नाही. मार्चअखेर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

"वा!" ते म्हणाले. "आमची पोरं एवढा स्वच्छ आलेख काढत नाहीत. कुणाची केस?"

"अशीच. शिकायला."

"खोली कितीची?"

"चोवीस-पंचवीस."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघ मागे मागे नेली. वरती थोडी आडवी केली, म्हणजे तो बातमी न पोचलेला काळ. मग पहिल्या ठिपक्याच्या तीन खुणा मागे, त्याच्याही किंचित आधी, एक फुली मारली.

"इथे मेलाय. पहिलं माप घेतलं त्याच्या तीन तास आधी, वर थोडी मिनिटं."

ते खुणांना तास समजले होते. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेरच्या बाकावर बसून मोजलं. तीन सोमवार मागे पंधरा जानेवारी. त्याच्या किंचित आधी रविवार.

शवागाराच्या आवारात त्या दिवशी ऊन पडलं होतं. मी तिथे किती वेळ बसलो, माहीत नाही. आठवतं ते एवढंच की मला रडू आलं नाही. मला ते वाक्य आठवत होतं: खोलीच्या खाली मात्र कुणी जात नाही.

म्हणजे ती पुरती गार पडायची मुदत माझ्या हातात होती. अक्षता येईपर्यंत खोली गरम ठेवायची.

५

घरी जाऊन मी पंखा उतरवला. जळाला म्हणून सांगितलं. खिडक्यांना जुनी घोंगडी लावली. धूळ फार येते म्हणालो. स्वयंपाकाच्या खोलीत दिवसभर पाण्याचं पातेलं मंद गॅसवर ठेवायला लागलो.

"अहो, तुम्हाला अंडी उबवायचीत का?" श्यामला म्हणाली. पण घोंगडी काढली नाही.

आणि मग उन्हाळा मदतीला आला. त्या वर्षी पुण्यात उन्हाळ्याचे आभार मानणारा मी एकटाच असेन. दुकानात गिऱ्हाइकं रुमालाने मान पुसत शिव्या घालायची, मी मनात म्हणायचो, आणखी थोडं. पत्रा दुपारी तडतडायचा. तो आवाज मला गोड लागायचा. लांब थर्मामीटर आता तेहेतीसवरून वर सरकत होता. चौतीस. पस्तीस.

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक. खडकी बाजारातून बायका पांढऱ्या साड्यांत निघाल्या, भर उन्हात. मी कडेने चालत होतो. सगळ्यांच्या पाठी भिजून साड्या अंगाला चिकटलेल्या. श्यामला मधोमध घोषणा देत होती, आवाज खणखणीत, आणि तिची साडी इस्त्रीच्या घडीसह कोरडी. कपाळ कोरडं. मानेवरचे केस कोरडे. शेजारची बाई तिचा हात धरून म्हणाली, "श्यामलाताई, तुमचा हात किती गार वाटतो हो! सोडावासा वाटत नाही." बघता बघता चार बायका तिला येऊन चिकटल्या. तीही हसत सगळ्यांच्या गालांना हात लावत होती.

मी दुसरीकडे बघितलं.

एप्रिलच्या शेवटी शवागारातला भैरू घरी थर्मामीटर न्यायला आला. मढी उचलण्यात उभा जन्म गेलेला माणूस. श्यामलाने त्याला पाण्याचा तांब्या दिला. देताना बोटाला बोट लागलं. भैरूने तांब्या घेतला, पण पाणी प्यायला नाही. हळूच ओट्यावर ठेवला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

"शेठ, वहिनी आजारी हायती का?"

"नाही. का रे?"

"काय नाय." तो दोन पायऱ्या उतरला, थांबला. "हात वळखीचा वाटला."

मग त्याने आमच्या बंद दाराकडे बघून हात जोडले. शवागाराचं दार उघडायच्या आधी तो रोज जोडतो, तसेच.

६

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, आकडा आला सदतीस. मी तापाचा थर्मामीटर काढून तिच्या जिभेखाली ठेवला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.

मी शेजारी पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. पण त्या सकाळी माझ्या मनात लोभ शिरला, हेही लिहायला हवं. अक्षता येईपर्यंत, एवढंच मी मागितलं होतं. आता वाटायला लागलं, पुढेही का नाही? पावसाळ्यात एक शेगडी ठेवू, हिवाळ्यात दोन. पत्र्याखाली भट्टी पेटवू. व्यापाऱ्याच्या हाती आलेली वस्तू सुटत नाही.

अक्षता सत्तावीस मेला आली. पुन्हा रविवार. तिकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या धडाधड बंद पडत होत्या, त्यात तिचं काम आठ-दहा दिवस आधीच संपलं. सकाळी दारात उभी राहिली तेव्हा आई-लेकीने मिठी मारली आणि सुटेचनात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, आभारी आहे.

"बाबा, ही काय भट्टी केलीय घराची?" अक्षता घाम पुसत म्हणाली. "फॅन कुठाय? आई, तू राहतेस कशी इथे?"

"बाबांना विचार," श्यामला म्हणाली. "त्यांचा काही तरी प्रयोग चालू आहे."

"बरं बाबा, तुम्ही आता बाहेर जा. सहाच्या आत घरी यायचं नाही. सरप्राइज आहे."

मी आनंदात होतो. आनंदात माणूस प्रश्न विचारत नाही. पेढ्यांचा पुडा घेऊन डॉक्टर उत्तरेश्वरांच्या घरी गेलो. गप्पा मारल्या, तिथेच जेवलो, दुपारी तिथेच लवंडलो. संध्याकाळी त्यांना म्हटलं, चला, पोरीला भेटा, चहा आमच्याकडे. सहाला आम्ही जिना चढलो. खिडकीत घोंगडी नव्हती. घोंगडीच्या जागी एक पांढरी पेटी बसवलेली होती आणि ती घुमत होती.

७

दार उघडलं आणि गारवा अंगावर आला.

खिडकीत नवा कोरा एसी. अक्षताने तिकडून पैसे पाठवून ठेवले होते. तिचा मित्र तेजस, तो हिंजवडीला नोकरीला होता, दुपारी माणसं घेऊन आला आणि बसवून गेला. बारा वाजल्यापासून चालू होता. भिंतीवरच्या खिळ्याला माझा लांब थर्मामीटर टांगलेला होता. एकवीस.

श्यामला खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. अक्षता तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली. पोर दोन दिवस प्रवासात होती. श्यामलाचा हात तिच्या केसांतून फिरत होता, सावकाश.

मी एसीच्या बटणाकडे धावलो.

"राहू द्या," श्यामला म्हणाली.

"श्यामला, बंद करू दे. ऐक माझं."

"पोरीला किती छान झोप लागलीय. उकाड्यात तिला घाम येतो." जरा थांबून म्हणाली, "मला नाही येत."

डॉक्टर दारातच चपला काढत होते. त्यांना आमचं बोलणं एसीच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. मी खाटेपाशी गुडघे टेकले.

"तुम्ही एवढंच म्हणाला होतात ना?" तिने हळू विचारलं. "अक्षता येईपर्यंत?"

हे मी म्हणालो तेव्हा चष्म्याची काच स्वच्छ होती.

"तुला ऐकू आलं होतं?"

"मला कुठलं ऐकू यायला?" ती म्हणाली. "ज्याला म्हणालात, त्याने सांगितलं." आणि तिने माझ्या खांद्यावरून स्वयंपाकाच्या खोलीकडे बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

मी वळलो. शेगडी, दार, मधली भिंत. एसीच्या वाऱ्याने कॅलेंडरची पानं फडफडत होती. खालचा एक कोपरा तेवढा भिंतीला चिकटून होता. कुणी अंगठ्याने दाबून धरावा, तसा.

"चहा टाका," श्यामला म्हणाली. "डॉक्टरांनाही. आणि या वेळी गार होऊ देऊ नका."

मी चहा टाकला. त्या भिंतीपाशी उभं राहून टाकला, तिच्याकडे न बघता. खालच्या गिरणीची घरघर पायांना लागत नव्हती. रविवारी संध्याकाळी गिरणी बंदच असते, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. उकळता चहा गाळून तीन कप नेले. चष्म्यावर वाफ आली.

श्यामलाने कप दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. अर्धा कप संपवला. "आज चांगला झालाय," ती म्हणाली आणि डोकं भिंतीला टेकलं.

कप कलायला लागला तेव्हा डॉक्टरांनी तो वरच्या वर धरला. दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भीमराव, तो भिंतीवरचा द्या."

मी दिला. त्यांनी काखेत ठेवला. बाहेर काढून उजेडात धरला. एकवीस. खोलीएवढा. जे उतरायला आठवडे लागायचे ते सहा तासांत उतरलं होतं; मुदत संपली होती.

अर्धा कप चहा त्यांच्या डाव्या हातात होता. त्यातून वाफ निघत होती. ते एकदा काचेकडे बघत, एकदा कपाकडे.

"निदान काल," ते पुटपुटले. "कालच्याही आधी."

अक्षता जागी झाली. काय झालं ते तिला आईच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. खूप रडून झाल्यावर तिने विचारलं, "डॉक्टरकाका, आई किती वाजता गेली?"

डॉक्टर उत्तरेश्वरांनी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे.

"सहा वीस," ते ठामपणे म्हणाले. "माझ्यासमोर."

सर्टिफिकेटवर त्यांनी तेच लिहिलं. खाली रस्त्यावर आल्यावर बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

"तो आलेख घरचाच होता?"

"हो."

"खुणा तासांच्या नव्हत्या."

"नव्हत्या."

"तीस वर्षं मी थर्मामीटरचं ऐकत आलो," ते म्हणाले. "आज चहाचं ऐकलं."

"उपकार झाले, डॉक्टरसाहेब."

"माझे मानू नका," ते म्हणाले आणि वर आमच्या खिडकीकडे न बघता निघून गेले.

८

याला दहा वर्षं झाली. दुकान मी विकलं. आता कपाळाला न टेकवता ताप सांगणारी यंत्रं आलीत, त्यांना श्यामला लागत नाही.

अक्षता परत अमेरिकेला गेली, तिथेच संसार थाटला. फोनवर आईचा विषय निघाला की म्हणते, "बाबा, त्या दिवशी आईची मांडी किती थंडगार होती! तशी झोप मला परत कधी लागली नाही." मी म्हणतो, "हो बाळा." तिला एवढंच माहीत असणं बरं.

तिने एसी आणला म्हणून मला राग आला होता. आता येत नाही. तिने तो आणला नसता तर मी श्यामलाला सोडलं नसतं. पत्र्याखाली भट्टी पेटवून बसलो असतो आणि ती बिचारी, कोरड्या कपाळाने, मी म्हणेन तेवढे दिवस भाकऱ्या थापत राहिली असती. तेव्हा एसीचेही आभार. डॉक्टरांचे, भैरूचे, त्या वर्षीच्या उन्हाळ्याचे आभार. आणि त्या रविवारी ज्याने माझं ऐकलं, दिलेल्या शब्दाहून एक दिवसही कमी केला नाही आणि एकही जास्त दिला नाही, त्याचे. मी त्याचं नाव विचारलं नाही. त्यानेही बदल्यात काही मागितलं नाही, हे मात्र मला अधूनमधून खटकतं. माझ्या अनुभवात असं सहसा होत नाही.

मी त्याच खोलीत राहतो. शेजारची हेमा दोन वेळचा चहा आणून देते. हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणतात, फार दगदग नको. अक्षता डिसेंबरात यायची आहे, सोबत नात. नातीला मी अजून पाहिलेलं नाही. परवा अक्षताने फोनवर विचारलं, "बाबा, आम्ही येईपर्यंत नीट राहाल ना?" मी म्हटलं, राहीन.

हे लिहिताना जरा घेरी आली. मघाशी, म्हणजे आत्ताच. हेमा कप ठेवून वळली तेव्हा. तिच्या चपलांचा आवाज अजून जिन्यात आहे, खालच्या पायरीलाही ती पोचलेली नाही.

कप हातात घेतला तर गार. वर साय धरलेली, जाड, सुरकुतलेली.

कॅलेंडरकडे मी बघितलेलं नाही. बघणारही नाही. डिसेंबरला अजून चार महिने आहेत आणि माझ्यासाठी कुणी तरी शब्द टाकलेला दिसतो. ज्याने टाकला त्याचा मी आभारी आहे.

उठतो. चहा परत तापवायला हवा. आणि खिडकी लावून घ्यायला हवी.